देवनागरी हस्ताक्षर आणि ऑक्युपेशनल थेरपी: सिनॉप्सिससाठी संदर्भ कुठे शोधू?

थेरपीवाली_मुक्ता

नमस्कार मंडळी. मी एमओटीएचच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी, त्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाला आहे, विषय पेडिअॅट्रिक्स. कॉलेज खासगी, गाव लहान. मराठी माध्यमातल्या दुसरी ते चौथीच्या मुलांच्या हस्ताक्षरावर काम करायचं ठरवलंय. अक्षर वाचताच येत नाही, फळ्यावरचं उतरवून होत नाही, दोन ओळींत हात दुखायला लागतो, अशी मुलं ओपीडीत सारखी येतात. गाइड मॅडमना विषय पटला, पण म्हणाल्या, "आधी रिव्ह्यू ऑफ लिटरेचर दाखव, मग सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचं, बोलू."

गाडं तिथेच अडलंय. पबमेडवर (वैद्यकीय लेखांचा डेटाबेस) 'हँडरायटिंग' टाकलं की पार्किन्सनच्या पेशंटपासून खोट्या सह्यांपर्यंत काहीही येतं. म्हणून गुगल स्कॉलरवर 'देवनागरी हँडरायटिंग' टाकलं, तर पानंच्या पानं इंजिनिअर मंडळींची: संगणकाला हाताने लिहिलेलं 'क' कसं ओळखायला शिकवायचं. मुलाच्या बोटांचं, मनगटाचं कुणी काही लिहिलंय की नाही? जे थोडे कामाचे दिसतात ते उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात.

आमच्या लायब्ररीत ग्रंथपालांची जागा रिकामी आहे. क्लार्क काका कपाटाची किल्ली देतात आणि "लवकर आटपा" म्हणतात. कपाटात विलार्ड-स्पॅकमन आणि पेड्रेटी ही आमची पाठ्यपुस्तकं आहेत, पण त्यात हस्ताक्षरावर जे आहे ते सगळं ए-बी-सी-डीचं. कुणी वाट दाखवेल का?


जुना_ग्रंथपाल

मुक्ता, वयाचा फायदा घेऊन 'तू' म्हणतो. एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेला. आता निवृत्त आहे, पण कुणी "संदर्भ मिळत नाही" म्हटलं की हात शिवशिवतात.

आधी तुझी खरी अडचण सांगतो. तुझा विषय एका कपाटात मावत नाही. मेडिकल ग्रंथालयात ऑक्युपेशनल थेरपीची पुस्तकं डब्ल्यूबी ५५५ या क्रमांकाला लागतात, बालरोग डब्ल्यूएसला, आणि हस्ताक्षर शिकवण्याची पुस्तकं तर मेडिकलमध्ये नसतातच, ती बीएड कॉलेजात सापडतात. नेटवरही तेच. थेरपीवाल्यांचं पबमेडमध्ये, शिक्षणवाल्यांचं 'एरिक' नावाच्या अमेरिकन शिक्षण-डेटाबेसमध्ये, वाचन-लेखनाच्या मानसशास्त्राचं तिसरीकडेच. पबमेड आणि एरिक दोन्ही फुकट आहेत. तू एकाच दारावर धडका देत होतीस.

आता पबमेड. नुसता शब्द टाकून एंटर मारायचं नाही. तिथे 'मेश' नावाची विषयांची ठरलेली यादी आहे, त्यात 'हँडरायटिंग' हा अधिकृत विषय आहे. तो मेश म्हणून घे. त्याला 'अँड' लावून दुसरा गट जोड: 'ऑक्युपेशनल थेरपी', 'मोटर स्किल्स डिसऑर्डर्स', 'सायकोमोटर परफॉर्मन्स', हे तिन्ही आपसात 'ऑर'ने बांधून कंसात. डावीकडे वयाचे फिल्टर असतात, त्यात ६ ते १२ वर्षांचा निवड. पार्किन्सनवाले आजोबा तिथल्या तिथे गळतात.

पण थांब, यात एक खोच आहे. मेशचे शिक्के माणसं आणि यंत्रं मिळून मागाहून मारतात. काही लेखांवर शिक्का नसतोच आणि वयाचा फिल्टर त्या शिक्क्यावरच चालतो. म्हणजे फिल्टर लावलास की शिक्का नसलेले लेख गुपचूप वगळले जातात. म्हणून हाच शोध दुसऱ्यांदा साध्या शब्दांत कर, मेश नाही, फिल्टर नाही: 'हँडरायटिंग', 'ग्राफोमोटर', 'लेजिबिलिटी', आणि 'चिल्ड्रन' किंवा 'स्कूल'. 'थेरप'पर्यंत लिहून पुढे तारा दिलीस की थेरपी, थेरपिस्ट, थेरपीज सगळं एकदम येतं. हा दुसरा शोध बहुतेक विद्यार्थी करतच नाहीत, आणि मग व्हायव्हाला परीक्षक यंदाचाच एखादा पेपर काढून विचारतो.

देवनागरीचं म्हणशील तर तिथे शब्द बदल. रोमनमध्ये देवनागरीची दोन स्पेलिंगं चालतात, एकात 'व'नंतर ए असतो, एकात नसतो, दोन्ही टाक. गुगल स्कॉलरमध्ये 'रेकग्निशन' या शब्दाला चिकटवून वजाबाकीचं चिन्ह दे, इंजिनिअर मंडळी बाजूला होतात. आणि मुख्य म्हणजे 'अक्षरा' आणि 'अल्फासिलॅबरी' हे शब्द वापर. आपल्या लिप्यांवर काम करणारे संशोधक या नावांनी लिहितात. सोनाली नाग यांचा २००७ चा कन्नड मुलांवरचा पेपर त्यातूनच सापडेल. तो हस्ताक्षराचा नाही, वाचनाचा आहे, तरी तुझ्या कामाचा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं पहिलीत उरकतात. आपल्याकडच्या लिप्यांत काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरांसकट अक्षरांची ओळख पुढच्या इयत्तांपर्यंत चालूच राहते, हा त्यातला मुद्दा. मग दुसरीतलं पोर 'ष्ट' लिहिताना अडलं तर हात अडला की अक्षरच ठाऊक नाही, हे तू कसं वेगळं करणार? तुझ्या सिनॉप्सिसमध्ये याचं उत्तर हवं.

नंतर सुरुवातीचा एक धागा पकड आणि ओढ. फेडर आणि मॅजनेमर यांचा २००७ चा आढावा आहे, 'डेव्हलपमेंटल मेडिसिन अँड चाइल्ड न्यूरॉलॉजी'मध्ये. त्याची संदर्भसूची म्हणजे मागचा रस्ता, आणि गुगल स्कॉलरमध्ये त्याच्याखाली 'साइटेड बाय' दाबलंस की पुढचा. त्यातही सगळं वाचू नकोस. 'साइटेड बाय'च्या आत पुन्हा शोधायची चौकट असते, तिथे 'हिंदी', 'हिब्रू', 'चायनीज', 'अरेबिक' टाकून बघ. हिब्रू आणि चिनी का, ते कुणी थेरपिस्ट सांगेल, मी पुस्तकं लावणारा माणूस.

उपचारांबद्दल हवं असेल तर 'कॅनेडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'मधला २०११ चा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू चुकवू नकोस. निष्कर्ष सरळ आहे: ज्या उपचारात प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता, किंवा सरावाची सत्रं २० पेक्षा कमी होती, त्याचा उपयोग झाला नाही. मणी ओवून आणि चिकणमाती मळून अक्षर सुधारेल अशी आशा बाळगणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा. 'ओटीसीकर' हा तुमच्याच विषयाचा फुकट डेटाबेस, चाचण्यांना दर्जाचे गुण देऊन ठेवलेला. बघ जरूर, पण जुन्यासाठी. नवी भर तिथे आता नियमित पडत नाही.

भारतातलं काम. 'इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी' पबमेडमधून शोधत बसू नकोस, थेट त्याच्या संकेतस्थळावर जा, पूर्ण लेख मोफत आहेत. तसंच 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', हे केईएममधूनच निघतं आणि मोफत आहे. सायन आणि केईएमच्या लर्निंग डिसेबिलिटी क्लिनिकमधल्या बालरोगतज्ज्ञांचे लेख त्यात आणि 'इंडियन पेडिअॅट्रिक्स'मध्ये मिळतील. महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्ये सुरुवात केली, त्याची पार्श्वभूमीही तिथेच. प्रस्तावनेत अमेरिकेची आकडेवारी देण्यापेक्षा हे दे.

आकडेवारीवरून आठवलं. "शाळेतला ३१ ते ६० टक्के वेळ मुलं सूक्ष्म हालचालींच्या कामात घालवतात" हे वाक्य तुला प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर भेटेल. ते १९९२ च्या एका अमेरिकन पेपरातलं आहे, मोजक्या वर्गांत बसून केलेल्या निरीक्षणांतून आलेलं, आणि पेपरच्या नावातच 'प्राथमिक निष्कर्ष' असं म्हटलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो आकडा तसाच असेल हे कुणी सांगितलं? मूळ पेपर वाचल्याशिवाय उचलू नकोस.

आणि प्रबंध. शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) मुख्यतः पीएचडीचे असतात, तुमचे एमओटीएचचे तिथे क्वचितच. ते असतात कॉलेजांच्या ग्रंथालयात, काळ्या बांधणीत, कुणी न उघडलेले. कमला निंबकरांनी १९५० साली केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून हा विषय महाराष्ट्रात रुजलाय. म्हणजे जुने प्रबंध मुंबईच्या महापालिका कॉलेजांत आणि नागपूरला सरकारी मेडिकलमध्ये बघायचे. आपल्या प्राचार्यांचं पत्र घेऊन जा, आधी फोन कर, बाहेर न्यायला मिळणार नाही, बसून वाचायला मिळतं.

घरबसल्या एक युक्ती: 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया'. २००७ पासून चालू आहे आणि पीजी विद्यार्थ्यांचे उपचारांचे अभ्यासही त्यात नोंदले जातात. तिथे 'ऑक्युपेशनल थेरपी' आणि 'हँडरायटिंग' शोध. कोणत्या कॉलेजात कुणी, किती मुलांवर, कोणती मोजणी वापरून काय केलं, सगळं दिसतं, संपर्काच्या पत्त्यासकट. छापून न आलेल्या कामाचा माग लागायला यासारखी दुसरी जागा नाही. तू स्वतः उपचार देणार असशील तर पहिलं मूल घेण्याआधी तिथे नोंदणी कर. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत.

पैसे मागणाऱ्या लेखांच्या कुलपाचं उद्या लिहितो. चष्मा बदलायला टाकलाय, डोळे चुरचुरतात.


लेस्टरकर_ओटी

ग्रंथपाल काकांना दंडवत! मी मुंबईत बीओटीएच करून इकडे इंग्लंडमध्ये आले, सध्या शाळांमधल्या मुलांसोबत काम करते. हिब्रू-चिनीचं मी सांगते.

मुक्ता, हस्ताक्षराची बहुतेक प्रसिद्ध असेसमेंट्स रोमन लिपीची आहेत. आम्ही इथे 'डॅश' वापरतो, वेग मोजायला. तिची मूळ आवृत्ती ९ वर्षांपासून पुढच्या मुलांची, निकष इथल्या मुलांचे. तुझी दुसरी-तिसरीची मुलं वयातच बसत नाहीत, आणि विकतची आहे, झेरॉक्स मारून वापरलीस तर एथिक्स कमिटीत पकडतील. त्यामुळे ज्यांची लिपी वेगळी होती आणि ज्यांना आपलं माप आपणच बनवावं लागलं, त्यांनी ते कसं बनवलं हे वाचणं तुला जास्त उपयोगी. इस्रायलमध्ये सारा रोझेनब्लम यांनी, त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहेत, शिक्षकांनी भरायची १० प्रश्नांची एक प्रश्नावली केली, 'एचपीएसक्यू'. २००८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'त आली. अक्षर वाचता येतं का, वेळ किती लागतो, आणि मूल दमतं-कंटाळतं का, या तीन अंगांनी ती विचारते. यात एखाद्या विशिष्ट अक्षराच्या आकारावर प्रश्न अडकत नाहीत, म्हणून ती दुसऱ्या भाषेत न्यायला सोपी. लेखिकेला मेल करून परवानगी माग. मग मराठी भाषांतर, दुसऱ्याकडून उलट इंग्रजी, तज्ज्ञांकडून तपासणी, असं सगळं पायरीपायरीने करायचं. हाँगकाँग आणि तैवानच्या ओटींचं चिनी हस्ताक्षरावर भरपूर काम आहे, त्यात चौकटीत अक्षर बसवण्याबद्दल जे आहे ते आपल्या दुरेघी वहीशी ताडून बघ.

आणखी एक. डिस्लेक्सिया असलेली मुलं तुझ्या नमुन्यात मिसळली तर निष्कर्षाची वाट लागेल. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने 'डाली' ही डिस्लेक्सिया तपासायची चाचणी बनवलीय, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी आहे हे महत्त्वाचं! त्याबद्दल तुझ्या मॅडमशी बोल. डीसीडीसाठी (मुलांच्या हालचालींत समन्वय नसण्याचा विकार) २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आहेत, त्या वाचल्याशिवाय 'क्लम्झी' वगैरे शब्द सिनॉप्सिसमध्ये घालू नकोस, प्लीज.


खडू_फळा

मी थेरपीतला नाही, प्राथमिक शिक्षक आहे. मुक्ताताई, तुम्ही वेग कसा मोजणार? एका मिनिटात किती अक्षरं? मग 'स्त्री' हे एक अक्षर की तीन? 'कि' लिहिताना मूल आधी वेलांटी काढतं की आधी क, यावरही वेळ बदलतो. काही शिक्षक प्रत्येक अक्षरावर लगेच रेघ ओढायला लावतात, काही शब्द पुरा झाल्यावर एकदम. एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांत हा फरक असतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं, पण डोक्यावरची रेघ पट्टीने मारते. पेपर कधीच पुरा होत नाही. आता हिला तुम्ही कोणत्या गटात टाकाल?

संदर्भ म्हणाल तर शासन निर्णय बघा. मराठी वर्णमाला आणि अक्षरांच्या वळणांबद्दल ६ नोव्हेंबर २००९ चा आहे, २०२२ मध्ये सुधारित आला. 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे हे त्यात आहे. शासनाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. पोराने घरी आजोबांकडून शिकलेला जुना 'ल' काढला म्हणून तुम्ही त्याचे गुण कापू नयेत, एवढंच.


थेरपीवाली_मुक्ता

बाप रे. सर, त्या मुलीचं उत्तर माझ्याकडे नाही. वेग आणि वाचनीयता वेगवेगळी मोजायची असं मॅडम म्हणाल्याच होत्या, आता कळलं का ते.

काका, मेशचा शोध लावला. पहिल्याच पानावर कामाचे निघाले! दुसरा साधा शोधही केला, त्यात एक यंदाचा पेपर आहे जो पहिल्यात नव्हता. लेस्टरकर ताई, डॉ. रोझेनब्लम यांना मेल करते, कसं लिहायचं ते जरा सांगाल? आणि काका, कुलपाचं राहिलं.


लेस्टरकर_ओटी

चार ओळी लिही. कोण आहेस, कुठे शिकतेस, कुठल्या भाषेत आणि किती मुलांसाठी हवंय, अभ्यास व्यावसायिक नाही. गाइडचं नाव आणि मॅडमना सीसी. "रिस्पेक्टेड मॅम, विथ ड्यू रिगार्ड्स" असलं काही नको.


जुना_ग्रंथपाल

कुलूप. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना चालू झालीय, पैसे मागणारी जर्नल्स संस्थांना वाचायला देणारी. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून जास्त संस्था. सेज, वायली, टेलर अँड फ्रान्सिस त्यात आहेत, म्हणजे ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, स्कँडिनेव्हियन ही तुमची बरीच ओटी जर्नल्स आली. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यामुळे जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राचार्यांचं पत्र घेऊन जा आणि तिथल्या संगणकावर बसून वाच. जाताना लेखांची यादी घेऊन जा, शीर्षक, वर्ष, डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक). "हस्ताक्षरावर काहीतरी द्या" म्हटलंस तर तिथला माणूस तुला चहा पाजून परत पाठवेल, मीही तेच करायचो.

तोवर ब्राउझरला 'अनपेवॉल' जोड. एखाद्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठेही असेल तर हिरवं कुलूप उघडं दिसतं. गुगल स्कॉलरमध्ये लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' दाब, विद्यापीठाच्या भांडारात लेखकानेच ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे निघते. काही जर्नल्स मुळातच खुली आहेत: दक्षिण आफ्रिकेचं, हाँगकाँगचं, आणि वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचं 'ओपन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'. दक्षिण आफ्रिकेचं मुद्दाम सांगतो, कारण तिथल्या गर्दीच्या सरकारी शाळा आपल्याशी जास्त जुळतात. तुमचं कॉलेज 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद आहे का विचार, असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची प्रत मागवता येते. आरोग्य विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयाचं लॉगिन कॉलेजकडे आहे का, तेही. क्लार्क काकांना माहीत नसेल तर प्राचार्यांच्या कार्यालयात चौकशी कर. पासवर्ड जुन्या ग्रंथपालाच्या वहीत राहून गेला, असं होतं.

शोध केलास की त्याच दिवशी तारीख, डेटाबेस आणि शोधाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव. सापडलेलं झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, फुकट आहे, संदर्भांना क्रमांक द्यायची व्हॅन्कुव्हर पद्धत आपोआप लागते. वर्डमध्ये हाताने क्रमांक देत बसलीस तर मॅडमनी मध्ये एक संदर्भ वाढवायला सांगितला की रात्र गेली.

खडू_फळा सर, 'स्त्री'चं तुम्ही बरोबर पकडलंत. मुक्ता, ते मोजायचं कसं हे कुठल्याच डेटाबेसमध्ये तयार मिळेल असं मला वाटत नाही. तो भाग तुलाच ठरवावा लागेल.


खडू_फळा

ताई, शाळेत यायचं असेल तर घटक चाचणीचा आठवडा सोडून या. मुख्याध्यापकांच्या नावे पत्र, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, त्याला वेळ जातो, आत्ताच अर्ज टाका. पालकांचं संमतीपत्र मराठीत, मोठ्या टायपात. आणि नुसत्या नकललेखनावर जाऊ नका, श्रुतलेखनही घ्या. नकललेखनात छान दिसणारी बरीच पोरं श्रुतलेखनात उघडी पडतात.